पडद्यामागचं पाणी

उजव्या अंगाने एक कावळा डोक्याच्या रोखाने झेपावला म्हणून हेमचंद्र अमरावतीच्या राजकमल चौकात, भर गर्दीत, झटकन खाली वाकला. हातातली केळ्यांची पिशवी त्याने डोक्यावर धरली होती. मग मान वर करून पाहिलं तर आभाळ रिकामं, तारांवरही कावळा नव्हता, आणि शेजारी थांबलेला ऑटोवाला त्याच्याकडे अशा नजरेने पाहत होता की हेमचंद्रला उगाचच वाकून चपलेचा अंगठा नीट केल्यासारखं करावं लागलं. कॉलेजात पदार्थविज्ञानाचा विभागप्रमुख, पन्नाशी ओलांडलेला, शर्ट नीट खोचलेला, आणि नसलेल्या कावळ्याला भिऊन केळी डोक्यावर धरतो. घरी पोचेपर्यंत तो हे विसरलाही. पण दुसऱ्या दिवशी फळ्यावर समीकरण लिहून तो वर्गाकडे वळला तेव्हा पहिल्या बाकांवरची मुलं त्याला दिसेनात. ती तिथेच होती, खोकत होती, पानं उलटत होती. पण उजव्या डोळ्यापुरती ती राखाडी पाण्यात बुडाली होती आणि ते पाणी सावकाश वर चढत होतं. भीती वाटायच्या आधी हेमचंद्रला एखादा जुना माणूस गर्दीत दिसावा तसं झालं. ही कडा त्याच्या ओळखीची होती. एक पापुद्रा दुसऱ्यापासून सुटत जातो तेव्हा पुढे सरकणारी कडा अशीच असते. गोलसर, संथ, कुणाची वाट न पाहणारी. पंचवीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं. पातळ थर एकमेकांना कसे धरून राहतात आणि कसे सोडतात, एवढाच त्याचा विषय. सपाट धरून ओढलं तर दोन थर सुटता सुटत नाहीत, सगळी जागा मिळून झुंजते. पण एका कोपऱ्यातून उचललं की सगळा भार त्या एका कडेवर येतो आणि मग लहान मूलही सोलून काढील. त्याने खडू ठेवला, मुलांना सांगितलं की आज इथेच थांबू, आणि भिंतीला हात लावत जिना उतरला.

कॅम्प भागातला डोळ्यांचा डॉक्टर वयाने त्याच्या विद्यार्थ्यांएवढा होता. त्याने बराच वेळ झगझगीत उजेडात डोळा तपासला आणि म्हणाला, पडदा सुटतोय सर. मग त्याने समजावून सांगितलं की हा पडदा मागच्या भिंतीला काही डकवलेला नसतो. मागे पेशींची एक रांग असते, ती सतत पाणी ओढून घेत असते, त्या ओढीने तो भिंतीला टेकून राहतो, जन्मभर. कुठे बारीकशी चीर पडली की आतलं पाणी तिच्यातून मागे शिरतं, आणि एकदा शिरलं की सुटत जातं. हेमचंद्रने विचारलं की पडद्याची जाडी किती, आणि तो सोलायला बळ किती लागतं. सर, हे आपण नंतर बोलू, डॉक्टर म्हणाला, हे ऑपरेशन करणाऱ्या बाई आज अकोल्यात आहेत, मी फोन करतो, तुम्ही असेच निघा. भाड्याच्या गाडीत हेमचंद्र मान स्थिर धरून बसला. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत चाललं होतं आणि उजव्या डोळ्यातलं पाणी क्षितिजाच्या वर आलं होतं. अकोल्याच्या दवाखान्यात नर्सने विचारलं, सोबत कोण आहे? कुणी नाही. ऑपरेशननंतर कुणीतरी लागेल, ती म्हणाली, अकोल्यात आहे का कुणी? नाही म्हणायलाच त्याने तोंड उघडलं होतं. पण जे बाहेर पडलं ते वेगळंच होतं.

"बायको असते अकोल्यात."

हे वाक्य त्याने कित्येक वर्षांत उच्चारलं नव्हतं. आपलाच आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा त्याने ऐकला. नर्सला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मग बोलवा की त्यांना, ती म्हणाली. रागिणीने फोन उचलला. त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं, आणि सांगताना तो वाट पाहत होता की ती मधेच काही बोलेल, निदान श्वास सोडेल. तिने दोनच गोष्टी विचारल्या. कोणता डोळा, आणि जेवलात का. ऑपरेशनच्या आधी जेवू नका म्हणाले, त्याने सांगितलं. येते, ती म्हणाली.

तिने 'येते' म्हणून फोन ठेवला तरी आपला फोन कानाशी धरून तो बाकावर बसून राहिला. त्यांचं भांडण झालं नव्हतं. कुणी खोदून विचारलं असतं तर सांगण्यासारखं काहीच घडलेलं नव्हतं, आणि म्हणूनच कुणी विचारत नसे. रागिणी दर्यापूरकडच्या एका गावची, खुशालरावांची मुलगी; घरची काळी कसदार जमीन, घरात शिकलेली ती पहिली. विद्यापीठात संशोधनाला आली तेव्हा हेमचंद्रचा प्रबंध संपत आला होता आणि त्याला अभ्रकाचे पापुद्रे काढून देणारं कुणीतरी हवं होतं. रजिस्टर लग्न झालं. हेमचंद्रची आई, ताराबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी सुनेचं मनापासून केलं. फक्त रागिणी 'मले' म्हणाली की त्या म्हणत, मले नाही गं, मला. समोरच्याच्या पदरावरचा सुताचा धागा आपण सहज काढून टाकतो तसं, तितक्याच मायेने. रागिणीची भाषा इतकी स्वच्छ झाली की एका परिषदेत कुणीतरी तिला पुण्यात कुठल्या, असं विचारलं. हेमचंद्रने ती गोष्ट घरी येऊन आईला सांगितली होती, दोघं हसली होती. रागिणी तेव्हा स्वयंपाकघरात होती. मग खुशालरावांना लकवा झाला, उपचारासाठी त्यांना अकोल्यात आणलं, आणि रागिणी अमरावतीत शिकवत होती त्याच संस्थेच्या अकोल्यातल्या ज्युनिअर कॉलेजात तिने बदली मागून घेतली. दोन-चार महिन्यांचा प्रश्न होता. खुशालराव अंथरुणावर काही वर्षं राहिले. तो आधी दर रविवारी जायचा, मग एकाआड एक, मग सणावाराला. इकडे मधल्या काळात ताराबाई गेल्या. खुशालरावांची तेरवी झाली त्या दिवशी गाडी दारात उभी होती, रागिणी उंबऱ्यात उभी होती, आणि हेमचंद्रला वाटलं की बाप गेलेल्या बाईला कसं म्हणायचं, चल. तो म्हणाला होता, तू तुझं सगळं आवरून ये, घाई नाही. बरं, ती म्हणाली होती. त्या 'बरं'ला आता आठ-नऊ वर्षं झाली होती.

ती आली तेव्हा त्याच्या डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी केली होती, त्यामुळे रागिणी म्हणजे त्याला एक फिकट निळी, कडा विरघळलेली उंची दिसली. ती उंची डॉक्टरबाईंशी बोलली, कुठे सही केली, आणि त्याच्या हातातलं घड्याळ काढून घेतलं. ऑपरेशन झालं. डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढून, मागचं पाणी ओढून घेऊन, चिरेभोवती लेसरचे डाग देऊन डोळ्यात गॅस भरला होता. डॉक्टरबाईंनी ठणकावून सांगितलं की मान खाली. बसताना, झोपताना, जेवताना, तोंड जमिनीकडे. गॅसचा बुडबुडा वर चढतो, तुम्ही पालथे असाल तर तो पडद्याला मागे दाबून धरेल. हेमचंद्र म्हणाला, म्हणजे गॅस पडदा चिकटवतो. नाही, त्या म्हणाल्या, गॅस काही चिकटवत नाही. चिकटायचं ते डागांचं काम, त्यांना भरून यायला दिवस लागतात. गॅस फक्त तेवढा वेळ पाण्याला मागे जाऊ देत नाही. हे उत्तर त्याला फार आवडलं आणि ते कुणाला तरी सांगावं म्हणून त्याने डावीकडे मान वळवली, तर रागिणीचा हात त्याच्या मानेवर आला आणि मान परत खाली दाबली गेली. मोर्णेच्या पुलावरून गाडी जुन्या शहरात शिरली तेव्हा त्याला फक्त स्वतःचे गुडघे दिसत होते. नदीचा वास आला, मग भजी तळल्याचा, मग कुठे तरी गूळ. डाबकी रोडवर तिचं घर कसं आहे, कुठल्या रंगाचं, दाराशी काय झाड आहे, त्याला काही कळलं नाही. त्याने पायऱ्या पाहिल्या, उंबरा पाहिला, आणि मग फरशी.

फरशीच पाहत तो राहिला. पलंगाच्या कडेला उशी दुमडून तिच्यावर कपाळ टेकवायचं आणि खाली पाहायचं. मोझॅकची जुनी फरशी, तिच्यात काळे, तांबूस, पांढरे दगडाचे तुकडे. डाव्या डोळ्याला ते लख्ख दिसत. उजव्यावर पट्टी होती, ती काढली की मधोमध एक डुचमळता गोल दिसे, काळ्या कडेचा, मान हलली की हलणारा. घर त्याच्याकडे आवाजांनी आणि पायांनी येई. सकाळी गोदाबाई येत, धुणंभांडी करणाऱ्या. त्यांची पावलं रुंद, जोडवी झिजलेली, आणि तोंड एक क्षण बंद नसे. पहिल्याच दिवशी त्या त्याच्या पलंगाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काहून जी जवाई, इतले दिस कोठी होते तुमी?" त्याने फरशीलाच उत्तर दिलं, अमरावतीला. अमरावती का लंकेत हाये का, असं म्हणून त्यांनी झाडू त्याच्या नाकाखालून फिरवला. आतून रागिणीचा आवाज आला, गोदाबाई, राहू द्या. आणि लगेच दुसऱ्या वाक्यात त्यांना भाजीचं काही सांगताना ती म्हणाली, मले वांगे नोको आज. ती शेजारणीशी, दूधवाल्याशी, गोदाबाईंशी तशीच बोलत होती; सैल, मोकळं, शब्दांच्या कडा न घासता. थोड्या वेळाने त्याच्याकडे येऊन ती म्हणाली, तुम्हाला चहा आत्ता देऊ की औषधानंतर? त्या 'तुम्हाला'मध्ये एकही धागा राहिला नव्हता.

थेंब घालायची वेळ हीच काय ती त्याला तोंड थोडं वर करायची मुभा. तो काटकोनात बसे, ती समोर उभी राहून डाव्या हाताचं बोट त्याच्या गालाच्या हाडावर टेकवून खालची पापणी ओढी. पट्टी काढलेल्या डोळ्याला बुडबुड्यातून ती दिसत नसे, आणि चांगला डोळा तो मिटून घेई. का, ते त्याने स्वतःला विचारलं नाही. एवढंच कळे की बोट टेकलं. आधी टोक, मग किंचित दाब आला की टोकाभोवतीची गोलाई सपाट होऊन पसरे, आणि त्या रुपयाएवढ्या जागेत त्याचा सगळा चेहरा गोळा होऊन बसे. तिच्या त्या बोटाच्या पेराला आम्लाने भाजल्याची एक गुळगुळीत खूण होती. ती कातडीला लागली की बाकी बोटापेक्षा गार लागे. थेंब पडे, बोट उचललं जाई. उचलताना गालाची कातडी एक क्षणभर त्याच्यामागे जाई आणि मग सुटे. त्याला माहीत होतं की असंच होतं. मऊ वस्तूंना टेकायला लागतो त्याहून जास्त जोर सुटायला लागतो, टेकताना आणि सुटताना वाट एक नसते, हे त्याने कितीदा आलेख काढून शिकवलं होतं. पण आलेखात ही घालमेल नव्हती. पुढच्या थेंबांची वेळ होईपर्यंत तो गालावरची ती जागा हात न लावता सांभाळत असे.

फरशीकडे पाहता पाहता त्याला प्रयोगशाळेचं टेबल दिसे. पावसाळा संपला की हवा कोरडी व्हायची आणि तेव्हा अभ्रकाचं काम चांगलं व्हायचं. रागिणी सुईने अभ्रकाच्या वडीच्या कोपऱ्यात फट पाडायची, फुंकर घातल्यासारखं करायची आणि मग एक पापुद्रा असा निघायचा की तो हातात आहे हे त्याच्यावरच्या रंगांवरूनच कळावं. दोन पापुद्रे एकमेकांवर गोल वाकवून आणायचे आणि वरून पाहायचं. जवळ येतात तसे रंगांचे कडे फिरू लागतात, जांभळे, पिवळे, हिरवे, आणि मग अचानक, कुणी न ढकलता, शेवटचं अंतर ते आपणहून उडी मारल्यासारखे पार करतात आणि मधोमध रंग नाहीसे होऊन काळा ठिपका उमटतो. तो ठिपका म्हणजे स्पर्श. पहिल्यांदा तो उमटला तेव्हा रागिणी त्याच्या खांद्याजवळ वाकलेली होती आणि अगदी हळू म्हणाली होती, चिपकलं. कधीकधी ठिपका उमटतच नसे. मधे धुळीचा एक कण असे, नुसत्या डोळ्यांनी न दिसणारा, आणि त्याच्याभोवती त्याच्या शेकडोपट जागेत दोन्ही पापुद्रे तंबूसारखे उचललेले राहत. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी दोघांनी मिळून मोजली होती. ताजे सोललेले पापुद्रे लगेच परत टेकवले तर जवळजवळ पहिल्यासारखे धरतात. पण मधे हवा लागू दिली, दमट हवेचा थर बसू दिला, की मग कितीही दाबा, ते पूर्वीच्या बळाने धरत नाहीत. लग्नानंतर एकदा कुणाच्या तरी मोडलेल्या संसाराबद्दल बोलताना हेमचंद्रने हेच उदाहरण दिलं होतं. रागिणी एरवी त्याला खोडून काढत नसे, पण तेव्हा म्हणाली होती की माणसांना अभ्रक लावू नका. अभ्रकाला काही आठवत नाही. ते त्याला तेव्हा पटलं नव्हतं. आता तो इथे, तिच्या घरात, तिच्या उशीवर कपाळ टेकवून तेच उदाहरण पुन्हा पुन्हा मनात आणत होता आणि दर वेळी तिचा आवाज ते खोडत होता.

रविवारी ती पहाटेच बाहेर गेली आणि दिवस कलताना परत आली. गोदाबाईंनी त्याला जेवू घातलं, तेव्हा त्याला कळलं की ती दर रविवारी गावी जाते. वावर पाह्यते ना बाई, गोदाबाई म्हणाल्या, तुमाले ठाव नाई? ठाऊक नव्हतं. भाऊ कुलदीप आणि ती मिळून खुशालरावांची जमीन पाहतात, यंदा अर्ध्यात तूर आहे, विहिरीपाशी तिने खोलीही बांधायला काढली आहे, हे त्याला भांडी घासणाऱ्या बाईकडून कळलं. रागिणी आली तेव्हा आदल्या दिवशीच्या पावसाची काळी माती तिच्या चपलांना थरावर थर बसली होती. दाराशी तिने चपला आपटल्या तेव्हा तळव्याच्या आकाराचे काळे पापुद्रे सुटून फरशीवर पडले. ती पाय धुऊन आली. टाचांच्या भेगांत माती तशीच राहिली होती, कायमची भरल्यासारखी. तिचे पाय असे कधी नव्हते. हे पाय त्याच्याशिवाय चालून असे झाले होते. एवढी वर्षं आपल्या मनात ती अकोल्याच्या एका खोलीत बसलेली होती, काहीशी थांबलेली, आवरत असलेली. आणि ती तर चालत होती, पेरत होती, मजूर लावत होती, विहिरीवर खोली बांधत होती. वाट पाहणाऱ्या बाईची त्याला इतकी सवय झाली होती की तिने वाट पाहणं सोडलं असेल हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती पलंगापाशी खाली बसून सहामाहीचे पेपर तपासत होती. त्याला तिचे गुडघे, लाल पेन आणि उत्तरपत्रिकांचे कोपरे दिसत होते. मग त्याने विचारलं, खोली बांधतेस का? हो, ती म्हणाली. मला सांगितलं नाहीस. पेन थांबलं. ती म्हणाली की तुम्ही विचारलं नाही. मग पेन पुन्हा चालू लागलं, एक पेपर संपला, दुसरा उघडला, आणि मान वर न करता, कारण वर पाहून तरी तिला त्याचं डोकंच दिसलं असतं, ती बोलू लागली.

"तुमी म्हणाले होते, घाई नाई. मी म्हटलं, बरं. मले वाटलं, आठ-पंधरा दिसांत याल न्यायले. बॅग भरून ठेवली होती मी, दाराजवळच. येणारे-जाणारे ठेचकाळत तिले. मंग एक दिवस गोदाबाई म्हणे, ताई, हे उचलू का. म्हटलं, उचला."

ती हे रागाने बोलली नाही. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं बोलली. आणि हेमचंद्रने आधी ऐकलं ते तिचं म्हणणं नव्हतंच. त्याने ऐकलं 'मले'. ते त्याला म्हटलं गेलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्याशी तिच्या स्वतःच्या तोंडाने बोलली होती. नंतर बॅग आली. दाराजवळची बॅग, रोज दिसणारी, कुणाच्या तरी पायाला लागणारी. तो तेव्हा अमरावतीत काय करत होता? वर्ग घेत होता, घरी येत होता, आणि तिचं आवरून होण्याची वाट पाहत होता, शहाण्या माणसासारखी, घाई न करता. पालथा माणूस रडला तर पाणी गालावरून वाहत नाही. ते डोळ्यात साचतं, नाकाच्या शेंड्यापर्यंत येतं, आणि सरळ खाली पडतं. मोझॅकवर एक थेंब पडला, त्याच्याजवळ दुसरा. रागिणीचे गुडघे हलले. ती घाबरून म्हणाली, "पाणी येऊन राहिलं का डोळ्यातून? थांबा, डॉक्टरबाईंना फोन लावते." ती हाता-गुडघ्यांवर वाकून खालून त्याच्याकडे पाहू लागली. आणि मग तिचा आवाज बदलला.

"हे तर डाव्यातून येऊन राहिलं," ती म्हणाली. "डावा तर चांगला हाये तुमचा."

ती तशीच राहिली, फरशीवर तळहात टेकवून. तिचा श्वास त्याच्या कपाळाला लागत होता. मग तिने पदराने फरशी पुसली आणि उरलेले पेपर घेऊन आत गेली.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरबाई खूश झाल्या. पडदा बसला, त्या म्हणाल्या, छान बसलाय. आता मान वर करा, फक्त उताणे झोपू नका. बुडबुडा आपोआप जिरेल. हेमचंद्रने प्रवासाचं विचारलं, आणि विचारताना आपण कुठलं उत्तर ऐकायला थांबलो आहोत हे त्याला स्पष्ट कळत होतं. त्यांनी सांगितलं की गॅस आहे तोवर उंचावर जायचं नाही, तिथे तो फुगतो. विमान नाही, चिखलदरा नाही. अमरावतीला जा की खुशाल, सगळा सपाट रस्ता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की अकोला आणि अमरावतीच्या मधे एखादा घाट असायला हवा होता.

बाहेर वऱ्हांड्यात येऊन त्याने रागिणीकडे पाहिलं. आता पाहता येत होतं. उजव्या डोळ्यात एक आडवी रेघ डुचमळत होती, पाणी भरलेल्या भांड्याच्या कडेसारखी. रेघेच्या वर ती दिसे, खाली विरघळून जाई. दोन डोळ्यांतल्या दोन रागिणी एकमेकींवर नीट बसत नव्हत्या. केस पुढून पांढरे झाले होते, रंगवले नव्हते. उन्हाने गाल रापले होते. खुशालरावांचा जबडा तिच्या चेहऱ्यात वर आला होता. इतके दिवस तिच्याच घरात राहून हा चेहरा त्याला आत्ता भेटत होता, आणि तो ज्या चेहऱ्याची आठवण काढत पडला होता तो हा नव्हताच. ह्या बाईला तो ओळखत नव्हता. पण तिच्यापासून डोळे काढवेनात, आणि हातात एक विचित्र भूक होती, नुसतं तिच्या मनगटाला धरावं एवढीच. ती म्हणाली, असं काय पाहता? त्याने विचारायचं ठरवलं नव्हतं. वऱ्हांड्यात माणसं होती, चष्मे विकणाऱ्याचं दुकान होतं.

"रागिणी, मी राहू का इथे?"

त्याच्या औषधाची पिशवी तिने या हातातून त्या हातात घेतली. मग ती म्हणाली, शब्द निवडत, पण तिचेच:

"आता नोका विचारू. आता तुमाले गरज हाये म्हणून विचारून राहिले तुमी. थेंब कोण घालीन, मान कोण धरीन. ते सरू द्या. डोळा निवू द्या. मंग विचारा. तवा मी काय म्हणीन, ते मले बी ठाव नाई."

तो अमरावतीला परतला. घर त्याने सोडलं तसंच होतं, ओट्यावर केळी काळी पडून वाळली होती. थेंब तो आरशापुढे स्वतःच घालायला शिकला. स्वतःचं बोट गालावर टेकलं तरी काही होत नसे. रेघ रोज थोडी खाली उतरे. आधी ती समोरच्या माणसाच्या गळ्याशी असे, पुढे छातीशी आली, मग कमरेशी. वर्गातली मुलं वरून खाली परत दिसू लागली, आधी मागची, मग मधली. सरळ रेघा मात्र त्या डोळ्याला किंचित लाटेसारख्या दिसत. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की एवढं राहील, पडदा बसला तरी जसा होता तसाच बसत नाही. फोन त्याने केला नाही, तिनेही नाही. तो न करणं हे पूर्वीसारखं नव्हतं, हे त्याला कळत होतं. पूर्वी त्यात एक आराम होता. आता संध्याकाळी कॉलेजातून येताना बसस्टँडवरून जावं लागे, अकोल्याची गाडी लागलेली दिसे, आणि कंडक्टर ओरडे तेव्हा त्याच्या पायांना ते ऐकू येई. तो घरी येई. गरज सरू द्या, ती म्हणाली होती. गरज सरली की काय उरतं हे तो रोज चाचपून पाहत होता, आणि ते रोज वाढत होतं. त्याला तिच्या हातचं काही नको होतं. त्याला तिच्या त्या टाचा हव्या होत्या. विहिरीवरच्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला ठेवली आहे हे त्याला हवं होतं. ती मजुरांवर कशी ओरडते, ते त्याला दुरून ऐकायचं होतं.

बुडबुडा शेवटी मण्याएवढा झाला, नजरेच्या तळाशी इकडून तिकडे घरंगळणारा. त्याचे दोन झाले. एका रविवारी दुपारी तो एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाचं प्रकरण तपासत बसला होता, पान उलटायला मान वाकवली, आणि खाली काहीच नव्हतं. त्याने मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली. नजर स्वच्छ होती, काठोकाठ. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि फोन लावला.

बराच वेळ घंटी वाजली. मग वारा ऐकू आला, लांबवर कुणीतरी बैलाला हाक मारत होतं, आणि मग तिचा दम लागलेला आवाज. ती वावरात होती. त्याने सांगितलं की बुडबुडा गेला. कवा, तिने विचारलं. आत्ताच, तो म्हणाला, आता काही नाही, थेंबही बंद झालेत, सगळं दिसतं. तिने बरं म्हटलं नाही. वारा फोनमध्ये फडफडत राहिला. हेमचंद्र उठून उभा राहिला होता, हे त्याला खुर्ची मागे पडली तेव्हा कळलं.

"रागिणी," तो म्हणाला, "मले यायचं हाये. तिथे. आज."

तो शब्द त्याच्या तोंडात नवा होता आणि बेढब निघाला. ती हसेल असं त्याला वाटलं. ती हसली नाही. पलीकडे तिने कुणाला तरी फवारा थांबवायला सांगितला. पावलं ऐकू आली, कोरड्या मातीवरची, ती कुठे तरी आडोशाला जात असावी. मग वारा थांबला आणि तिचा आवाज अगदी जवळ आला.

"दर्यापूरवरून येऊ नोका," ती म्हणाली. "तिकडचा रस्ता खोदून ठेवला हाये. मूर्तिजापूरवरून या."